टेकडी, सायकल आणि सोबती



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळी जराशी विचारात पडली असतील. सायकल पुणेकरांना नवी नाही आणि टेकडी तर त्याहून नाही. परंतु या दोहोंची सांगड घालून टेकडीच्या पायवाटेवर सायकल चालवायची, आणि तीही एकट्याने नव्हे तर पाचसहा जणांनी मिळून, हा प्रकार अद्याप आपल्या अंगवळणी पडलेला नाही. वेताळ टेकडीवर रोज पहाटे फिरायला येणाऱ्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी मला सरळच विचारले होते, "अहो, तुम्हाला रस्ते कमी पडले काय?" प्रश्न रास्त आहे. त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा, अधिक अवघड प्रश्न आहे. ज्या वाटा पिढ्यानपिढ्या पायांनी पाडल्या, त्यांवर चाकांनी यावे काय, आणि यायचे तर कोणत्या अटींवर?

प्रथम ही सायकल काय चीज आहे ते सांगतो. आपली जुनी काळी सायकल आठवा. पुढे दिवा, मागे कॅरियर, आणि प्रसंगी दांडीवर एक व कॅरियरवर एक अशी तिघांची यात्रा. त्या सायकलीचे पायडल एकदा पूर्ण फिरवले की ती सुमारे पाच मीटर पुढे जाई. सपाट लक्ष्मी रस्त्यावर हे ठीक होते. पण टेकडीच्या चढावर पाच मीटरांचे ओझे एका फेऱ्यात उचलायचे म्हणजे मांड्यांची परीक्षाच. डोंगरी सायकलीच्या पुढच्या चक्राला ३२ दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला ५० दाते असले, तर पायडलाच्या एका फेऱ्यात ती जेमतेम दीड मीटर सरकते. चढ तोच, माणूस तोच, काम फक्त लहान लहान हप्त्यांत फेडायचे! त्याखेरीज टायर रुंद आणि दातेरी. त्यात हवा कमी ठेवायची, म्हणजे दगडावर तो थोडा दबतो आणि जमीन धरून राहतो. पुढच्या चिमट्यात धक्के गिळणारी योजना असते, आणि ब्रेक रिमवर नव्हे तर चाकाच्या मधोमध बसवलेल्या तबकडीवर लागतो. या सायकलींच्या किमती ऐकून छाती दडपते, हे मी लपवत नाही. परंतु किंमत पाहून चढ सोपा होत नाही, एवढेही आमच्यापैकी काहींच्या ध्यानात आले आहे.

आता ही सायकल जन्मली कशी हे मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण पुढचे सगळे त्यात आहे. ती कोण्या कारखानदाराच्या डोक्यातून निघालेली नाही. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला गोल्डन गेटचा पूल ओलांडला की मरीन नावाचा जिल्हा लागतो. तिथे माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. त्याची उंची २,५७१ फूट, म्हणजे आपल्या वेताळ टेकडीच्या माथ्याची समुद्रसपाटीपासून जी उंची आहे तिच्या आसपासच. अर्थात आपले पुणेच मुळात पठारावर बसलेले असल्यामुळे आपल्याला चढ थोडा वाट्याला येतो आणि त्यांना जवळजवळ सगळा. १९७०च्या सुमारास तिथल्या काही तरुण मित्रांनी भंगारात पडलेल्या जुन्या सायकली उचलायला सुरुवात केली. श्विन या अमेरिकन कंपनीने १९३३ साली जाड फुगीर टायरची सायकल बाजारात आणली होती. त्या जातीच्या, वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोरांनी दामटून टाकलेल्या या सायकली. धड वजनाने हलक्या नाहीत, धड दिसायला बऱ्या नाहीत. पण डोंगरावरून सोडल्या तर मोडत नसत, एवढा एक गुण.

फेअरफॅक्स गावाजवळ एक उताराची वाट होती. दोन मैलांत तेराशे फूट खाली. या सायकलींना मागच्या हबमध्ये, पायडल उलटे दाबून लागणारा ब्रेक असे. एकदा त्या वाटेने खाली आले की तो ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि पुढच्या खेपेपूर्वी हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. या पुन्हा भरण्यावरून त्या वाटेचेच नाव 'रिपॅक' पडले. आपल्याकडे टेकडीला वेताळाची म्हणावे, तसेच हे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. मित्रामित्रांत सर्वांत वेगवान कोण हा वाद मिटवण्यासाठी! एकेकाला ठरावीक अंतराने सोडायचे आणि घड्याळ लावायचे. ती ॲलन बाँड्स नावाच्या गड्याने जिंकली. आणि सांगतात ते असे की वाटेत न पडलेला तो एकटाच होता.

गंमत अशी की या वीरांची सायकल वर कशी जाई? पुष्कळदा ढकलत, नाहीतर चक्क ट्रकमध्ये घालून. पुढे गॅरी फिशर वगैरेंनी या धुडांना गिअर बसवले. याच राज्यातल्या क्युपर्टिनो गावच्या दुसऱ्या एका टोळक्याने तसे आधीच केलेले १९७४ सालच्या एका स्पर्धेत या मंडळींनी पाहिले होते. गिअर आले तेव्हा चढ चढून जाता येऊ लागला. माझ्या मते या खेळाचा खरा जन्म तेव्हाचा. कारण उतारावर प्रत्येकजण एकटा असतो, दात आवळलेले आणि नजर दहा पावले पुढे. बोलणे होते ते चढावर. १९७७ साली जो ब्रीझने खास या कामासाठी नवा सांगाडा बांधला. त्याची ती पहिली सायकल आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. १९७९ साली फिशर आणि चार्ली केली यांनी 'माउंटनबाइक्स' नावाने दुकान थाटले, टॉम रिचीने सांगाडे बांधून दिले. १९८१ साली कारखान्यात घाऊक बनलेली सायकल निघाली आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. वीस वर्षांत भंगारापासून पदकापर्यंत! पण मुळाशी होते ते दहापंधरा मित्र.

आता टोळीचा कायदा. आम्ही रविवारी पहाटे निघतो ते पाच, फार तर सहा. त्यात एक निवृत्त बँक कर्मचारी आहेत, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो; एक कॉलेजात जाणारी मुलगी आहे, जिच्या मागे राहण्याची आम्हा चौघांना सवय झाली आहे. सहाच्या वर गेलो की टोळी राहत नाही, मिरवणूक होते. सर्वांत पुढे वाट ठाऊक असलेला आणि सर्वांत मागे पंप व ठिगळे असलेला. दोन वाटा फुटतील तिथे पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचे. एवढे साधे वाटते, पण यात एक मोठा अन्याय दडलेला असतो, आणि तो आमच्या लक्षात यायला बरेच महिने गेले. पहा: जोरकस मंडळी चढ चढून माथ्यावर आधी पोचतात, सावलीत बसतात, पाणी पितात. दहा मिनिटांनी काका धापा टाकत वर येतात. त्यांना पाहताच सगळे उठतात, "चला, आले काका, निघू या!" म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत अधिक गरज, त्याला ती सर्वांत कमी. दोन चढांनंतर त्याचे पाय गळतात, तिसऱ्या चढानंतर तो पुढच्या रविवारी 'जरा काम आहे' म्हणून सांगतो. पुष्कळ टोळ्या अशाच मोडतात. भांडण होऊन नव्हे, तर या 'आले, चला' मुळे. म्हणून आमच्यात आता नियम असा की निघण्याचा शब्द शेवटी आलेल्याने द्यायचा. काका कधीकधी मुद्दाम वेळ लावतात आणि आकाशात काहीतरी पाहत बसतात. त्यांना तेवढी चैन आम्ही करू देतो!

उतारावर नियम वेगळा. दोघांत इतके अंतर की पुढचा पडला तर मागच्याला ब्रेक लावून थांबता यावे. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, मागचा ब्रेक आवळून चाक जखडले की ते नुसते फरफटत जाते. त्याने सायकलही थांबत नाही आणि वाटेला नांगरल्यासारखा चर पडतो. वजन मागे घ्यायचे, दोन्ही ब्रेक बोटाबोटाने लावायचे. जमत नसेल तर उतरून चालायचे. त्यात कमीपणा नाही. आमच्याकडे उतरून चालणाऱ्याला कोणी हसले तर त्या दिवशीचा चहा हसणाऱ्याकडे.

इथे मी मघाच्या अवघड प्रश्नाकडे येतो. मरीनमध्ये या खेळाचे पुढे काय झाले? १९८०नंतर सायकली शेकड्यांनी डोंगरावर आल्या. अरुंद वाटेवर वळणापलीकडून एकाएकी सुटलेली सायकल अंगावर येते, म्हणून चालणारे आणि घोडेस्वार संतापले. परिणाम असा की जिथे हा खेळ जन्मला त्याच डोंगरावर अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. रुंद वाटांवर ताशी १५ मैल आणि वळणावर किंवा माणसाजवळून जाताना ताशी ५ मैल अशी मर्यादा आली, आणि ती मोडणाऱ्यांना पकडायला वनरक्षक वेगमापक यंत्र घेऊन झाडाआड उभे राहू लागले. मित्रांनी काढलेला खेळ पोलिसी खात्यात गेला. १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या सायकल मंडळांनी एकत्र येऊन एक संघटना काढली आणि वाटेचे नियम प्रसिद्ध केले: मोकळ्या असलेल्याच वाटेने जा, सायकल काबूत ठेवा, चालणाऱ्याला वाट द्या, जनावराला घाबरवू नका. हे शहाणपण दहा वर्षे आधी सुचते तर!

आपल्याकडे ते दहा वर्षे आधी सुचावे, एवढ्याचसाठी मी आज उभा आहे. पुण्यात टेकडीवर फिरायला जाणे ही काही करमणूक नव्हे, तो जवळजवळ आन्हिकाचा भाग आहे. कोणी तिथे प्राणायाम करतो, कोणी कुत्र्याला फिरवतो, कोणी कालच्या सभेवर टीका करतो. त्यांच्या मागून घंटी वाजवत जाणे म्हणजे त्यांना बाजूला हो म्हणणे आहे. म्हणून आम्ही वेग माणसाच्या चालीवर आणतो, "नमस्कार, डावीकडून येतो" म्हणतो, आणि एक गोष्ट न चुकता सांगतो: "मागून आणखी चौघे आहेत." ऐकणारा मग पुन्हा वाटेवर यायची घाई करत नाही, आणि शेवटचा गडी "झाले, मी शेवटचा" म्हणून मोकळा होतो. चढणारा आणि उतरणारा समोरासमोर आले तर वाट चढणाऱ्याची. आणि चढणाऱ्यासमोर पायी माणूस आला तर वाट त्या माणसाची.

राहिला मातीचा प्रश्न. सायकलीने टेकडी धुपते असा आक्षेप घेतात. मोंटाना राज्यात घोडे, माणसे, मोटारसायकली आणि सायकली यांची तुलना करणारा एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात घोड्यांनी आणि चालणाऱ्यांनीही चाकांपेक्षा अधिक माती सुटी केली असे आढळले. सायकलवाले हा अभ्यास झेंड्यासारखा मिरवतात. मला ते तितकेसे पटत नाही. तिथली माती निराळी, पाऊस निराळा. आपल्या टेकड्यांवर काळ्या पाषाणावर वीतभर मुरूम आणि माती. ती जूनमध्ये भिजली की चाकाने पडलेली चाकोरी सरळ ओहोळ होते. त्यातून आपल्या पायवाटा बहुधा सरळ उतारानेच पाडलेल्या, कारण माणसाला जवळची वाट हवी असते. वाट बांधणाऱ्या जाणकारांचा नियम याच्या उलट आहे: वाटेची चढण ही डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावी, म्हणजे पाणी वाट ओलांडून पलीकडे जाते, वाटेने वाहत नाही. अशी आडवी वाट चालणाऱ्यालाही सोपी आणि चाकालाही. वनखात्याची परवानगी घेऊन, फिरणारे आणि सायकलवाले यांनी मिळून घमेली आणि फावडी उचलली, तर अशा वाटेचा एखादा तुकडा बांधून पाहता येईल.

मिळून, हा शब्द मी जाणून वापरला. बालभारती ते पौड फाटा या रस्त्याच्या योजनेविरुद्ध २०२३ साली नागरिक वेताळ टेकडीसाठी रस्त्यावर उतरले, ते आपणांपैकी अनेकांनी पाहिले आहे, काहीजण त्यात होतेही. टेकडीवर डांबर आले तर चपला आणि दातेरी टायर दोघांनाही तेथून सारखेच निघावे लागेल. मग पायवाटेवरून आपापसांत हुज्जत घालायला पायवाट उरायला तर हवी!

अध्यक्षांनी वेळ संपत आल्याची चिठ्ठी पुढे सरकवली आहे, तेव्हा ज्यांना यावेसे वाटते त्यांच्यासाठी व्यवहाराचे सांगून थांबतो. शिरस्त्राण हवेच. पाणी दोन बाटल्या, कारण मे महिन्यात आठ वाजताच खडक तापतो. बाभळीचा काटा कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही, तेव्हा ठिगळे, सोल्यूशन आणि पंप. गवताळ माळावर वाट सोडून जायचे नाही. टिटवी याच दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि ती खड्यांतून ओळखू येत नाहीत. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की समजावे आपण तिच्या घरात शिरलो, आणि आल्या वाटेने परतावे. पहिला मोठा पाऊस पडला की सायकली भिंतीला टांगतो आणि वाट वाळेपर्यंत पायीच जातो. त्या दिवसांत काका सर्वांच्या पुढे असतात.