गाण्याचे विशेषण

इंदूरच्या स्नेहलतागंजात गाणे ऐकून उठणारा रसिक सहज ‘गोड’ म्हणून जातो. याच नगरीत १९२९ साली जन्मलेल्या लता मंगेशकरांच्या स्वराला तो शब्द शोभतोही. पण इंदूरचेच उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा? पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, आणि षड्जाचा विसावा सतत लांबणीवर! ‘उदास’ म्हणावे, तर त्यातले गांभीर्य निसटते. मराठीतील ‘कातरवेळ’ येथे उपयोगी पडते: मारवा कातर आहे, रडवा नाही. हे झाले रागाचे विशेषण. खाँसाहेबांच्या अतिविलंबित झुमऱ्यात ती कातरताही निवळते. तेथे ‘चिंतनमग्न’ हाच शब्द हवा. ‘गोड’ ऐकावयास बसविलेला नवखा श्रोता मात्र समेची वाट पाहून कंटाळतो आणि उठून जातो.