लेकीनं ‘नीट’ पुन्हा द्यावी का?

(सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण)



दरवेळी आम्ही बचतीचं, कर्जाचं, बँकेचं बोलतो. आज लेकीच्या एका वर्षाबद्दल बोलायचं आहे. बारावी सायन्स झाली, नीटची परीक्षा दिली, पण मार्क थोडे कमी पडले. आता मिळेल तिथे प्रवेश घ्यावा, की एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी? मुली याला ‘रिपीट करणं’ म्हणतात. यंदा आमच्या गटांमधल्या दोन घरांत हाच प्रश्न उभा राहिला, म्हणून हा विषय.

यंदाचा, म्हणजे २०२५ चा निकाल १४ जूनला लागला. त्यानंतर दर्यापूर तालुक्यातल्या एका गटाची बैठक होती. एक ताई हजेरीच्या वहीत सही करता करता रडायलाच लागली. म्हणाली, “दोन वर्षं झाली व ताई. पोरीचे मार्क वाढाचे सोडून कमी झाले. गेल्या साली ४९८ होते, यंदा ४३१ आले. आता तिले अजून एक वर्ष देऊ, का पोरगं पाहू?”

सगळ्या बाया गप्प. आम्हालाही वाटलं, पोरगी मागे पडली. मग तिच्या लेकीनं दोन्ही वर्षांची निकालपत्रं समोर ठेवली. मार्क कमी झाले होते, पण देशातला तिचा क्रमांक पुढे सरकला होता!

हे कसं झालं? २०२४ मध्ये मार्कांचा पूर आला होता. पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० मिळाले होते. वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि सुधारित निकालात ते १७ राहिले. २०२५ चा पेपर मात्र असा जड निघाला, की देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ मिळाले. खुल्या गटाला पात्र ठरायला २०२४ मध्ये १६२ मार्क लागत होते, ते यंदा १४४ वर आले. बायांनो, चांगल्या पावसाच्या सालचं एकरी सोयाबीन आणि कोरड्या सालचं सोयाबीन आपण एका मापानं मोजतो का? मार्कांचंही तसंच आहे. म्हणून पहिली गोष्ट ही, की मार्कांवर रडू नका, क्रमांक पाहा. आणि आपल्या प्रवर्गात गेल्या साली शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकाला मिळाला, ते राज्याच्या सीईटी कक्षाच्या यादीत पाहा. आपण त्याच्या जवळ आहोत की फार दूर, हे तिथे कळतं.

आता आमची चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गटात अशाच एका मुलीसाठी आम्ही एका बैठकीत ४० हजारांचं कर्ज मंजूर केलं. सगळ्यांना वाटलं, आपल्या गावची पोरगी डॉक्टर होईल. ठराव पाच ओळींचा. शहरातल्या एका शिकवणीनं वर्षाची फी आधीच भरून घेतली. पोरगी दिवाळीला घरी आली, कापूस वेचायला लागली, ती परत गेलीच नाही. फी परत मिळाली नाही. तिच्या आईनं वेचणीच्या मजुरीतून दीड वर्ष हप्ते फेडले. नंतर ती पोरगी आम्हाला म्हणाली, “मले डॉक्टर व्हायचंच नव्हतं. मले बँकेची परीक्षा द्याची होती. कोनं इचारलंच नाही.”

खरंच, कोणीच विचारलं नव्हतं. आम्हीही नाही. म्हणून यंदा, जशी आपल्या गटाची पंचसूत्री आहे, तसे आम्ही पाच प्रश्न ठरवले.

पहिला प्रश्न मुलीला, आणि तोही एकटीला. बाबा, काका, मामा समोर बसलेले असले की लेकरू ‘हो’च म्हणतं. तिला शेतात जाता जाता विचारा, भांडी घासता घासता विचारा. तुला हे हवं आहे का? पुन्हा एक वर्ष बसायची ताकद आहे का?

दुसरा प्रश्न, कमी कुठे पडलं? पेपर १८० प्रश्नांचा असतो. जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५. बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं तर १ वजा, सोडून दिलं तर शून्य. निकालपत्रावर तिन्ही विषयांचं वेगवेगळं लिहिलेलं असतं. आमच्या दुसऱ्या घरातली मुलगी यंदा पहिल्यांदाच बसली होती. तिच्यासोबत बसून आम्ही उत्तरतालिका लावली. भौतिकशास्त्राचे शेवटचे तीन धडे झालेच नव्हते, म्हणून तिनं २० उत्तरं अंदाजानं लावली होती. त्यातली ४ बरोबर, १६ चूक. सोळा मिळाले, सोळा गेले, हाती भोपळा. असा खड्डा एका वर्षात भरून निघू शकतो. पण दोन वर्षं सगळं शिकूनही तोच विषय अडत असेल, तर वेगळा विचार करावा लागतो.

तिसरा प्रश्न, या वर्षी बदलणार काय? घरी राहून अभ्यास करणार असेल, तर पाणी कोण भरेल? धाकट्या भावाचा डबा कोण करेल? सोयाबीन काढायला, कापूस वेचायला तिला बोलावणार का? वर्ष नवं आणि दिवस जुनाच असेल, तर निकाल वेगळा कसा येईल? मुलगा रिपीट करतो तेव्हा त्याला वेगळी खोली मिळते. मुलीला मात्र ‘घरीच आहे ना’ म्हणून कामं सांगितली जातात. हे आपल्याच घरातलं आहे, बायांनो.

चौथा प्रश्न पैशाचा. अकोल्याला किंवा अमरावतीला ठेवायचं तर शिकवणीची फी, खोली, मेस, पुस्तकं, येणं-जाणं, सगळं एका कागदावर लिहा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेही धरा. फी हप्त्यानं द्या, पावती घ्या, मध्येच सोडलं तर किती परत मिळेल ते लिहून घ्या. जे लिहून देत नाहीत, त्यांच्याकडे पूर्ण वर्षाची फी एकदम भरू नका.

पाचवा प्रश्न, नाही झालं तर? नीटला आता कमाल वयाची अट नाही, किती वेळा द्यायची याचीही मर्यादा नाही. सरकारनं मर्यादा घातलेली नाही, म्हणून ती घरानंच घालायची. दुसरी वाट आधीच लिहून ठेवायची. बीएएमएस, बीएचएमएसचे प्रवेश याच नीटवर होतात. बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी असते, फार्मसीची वेगळी.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. यंदाचे मार्क पुढच्या वर्षीच्या प्रवेशाला चालत नाहीत. पुन्हा परीक्षा दिली की नवेच मार्क धरतात, मग ते कमी का येईनात. म्हणून रिपीटचं मनात असलं, तरी यंदाचा प्रवेशाचा अर्ज भराच. अर्ज भरला म्हणजे प्रवेश घेतला असं होत नाही, पण आपल्याला काय मिळतं ते डोळ्यांनी दिसतं. मात्र एकदा जागा घेतली आणि शेवटच्या फेऱ्यांनंतर सोडली, तर पैसे अडकू शकतात. माहितीपुस्तिकेतला तो नियम आधी वाचा.

आपल्या भागात जागाही वाढल्या आहेत. अकोल्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यात आपल्या वऱ्हाडातली अमरावती, वाशीम आणि बुलडाणा ही तीन आहेत.

आणि मुलींसाठी जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरातल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी, की प्रवेश सरकारी फेरीतून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. राहण्या-जेवणाचा खर्च आपलाच. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी महाडीबीटीवर वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. पण कागद तयार पाहिजेत. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर, आणि जातवैधता. जातवैधतेला वेळ लागतो. निकालाची वाट पाहू नका, लेक अकरावीत गेली की अर्ज टाका. मार्क असून कागदापायी जागा जावी, यापेक्षा वाईट काय?

आता त्या दोन घरांचं काय झालं, ते सांगतो. अंदाजानं उत्तरं लावणारी मुलगी रिपीट करते आहे. तिनं स्वतः बैठकीत उभं राहून सांगितलं, की एकच वर्ष. गटानं कर्ज दिलं, पण तीन हप्त्यांत. दुसरा हप्ता दिवाळीनंतर, तिच्याशी बोलून. तिच्या वडिलांनी सगळ्यांसमोर कबूल केलं, की यंदा वेचणीला तिला बोलावणार नाही. आमचा हा निर्णय बरोबर की चूक, ते पुढच्या वर्षीच्या निकालात कळेल.

आणि ४३१ वाली? तिच्या आईला अजून एक वर्ष द्यायचं होतं, गटही तयार होता. पण पोरगी म्हणाली, “आई, मले पेशंट तपासाचे आहेत. एमबीबीएसच पाहिजे असं नाही. तिसऱ्या वर्षी त्याच खोलीत बसली, तर मी खचून जाईन.” तिनं बीएएमएसचा अर्ज भरला आहे. आईच्या मनातून अजून पूर्ण गेलेलं नाही. परवाच म्हणाली, “थोडक्यात राहिलं व.” आम्ही तिची समजूत घातली नाही. नुसतं जवळ बसलो.

शेवटी एकच. या वर्षात लेकरू जेवत नसेल, झोपत नसेल, एकटंच बसत असेल, तर ‘अभ्यासाचं टेन्शन आहे’ म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. फोन फुकट लागतो, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं. परीक्षा दरवर्षी येते. लेक एकच असते.

तुमच्या गटात असा प्रश्न असेल, तर पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न वहीत लिहा आणि लेकीला बोलवा. आधी तिचं ऐका, मग ठराव करा.