बळदातला उंदीर

(वसंत व्याख्यानमालेत नांदेड येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बळद कुणाकुणाला आठवतं? ज्यांचं लहानपण माळवदाच्या घरात गेलं त्यांना सांगायला नको. तरुण मुलांसाठी सांगते. बळद म्हणजे धान्य साठवायची घरातलीच बंद खोली. तिला दार नाही, वर फक्त एक माणूस उतरेल एवढं तोंड. ज्वारी तळाला गेली की घरातलं एखादं लेकरू दंडाला धरून आत सोडायचे आणि ते पाट्या भरून वर द्यायचं. औसा तालुक्यातल्या आमच्या घरात ते लेकरू मी होते, आठ वर्षांची. अंधारात ज्वारीत हात घातला आणि हाताखालून काहीतरी मऊ, गरम निसटलं. दंडावरून चढलं, मानेपाशी आलं, केसांत अडकलं. मी किंचाळले. वर आजीला वाटलं, विंचू चावला. मला बाहेर काढेपर्यंत ते पळूनही गेलं होतं. अंगावर साधा ओरखडा नव्हता.

त्यानंतर बत्तीस वर्षं मी उंदराला भ्यायले. मी मानसशास्त्र शिकवते हे तुम्हाला ठाऊक आहे, पण आज बोलणार आहे ती पेशंट म्हणून.

आपल्या भाषेत भीती आहे, धास्ती आहे आणि धसका आहे. भीती समोर दिसणाऱ्या गोष्टीची, धास्ती पुढे येणाऱ्या गोष्टीची. धसका मात्र आपण 'घेतो'. कारण निघून जातं आणि घेतलेला धसका आत राहतो. डॉक्टर ज्याला फोबिया म्हणतात त्याला आजीचा हा शब्द मला जास्त नेमका वाटतो.

नांदेडला आम्ही दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं ते उंदीर वर येणार नाहीत म्हणून. रात्री दहानंतर मी स्वयंपाकघरात जात नसे. पाण्याचा तांब्या उशाशी असे. लातूरच्या गंजगोलाईजवळ मामांची आडत होती. तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या त्या दुकानात मी लग्नाची पत्रिका द्यायलासुद्धा गेले नाही, भावाला पाठवलं. गणपतीच्या पायाशी मातीचा उंदीर असतो ना, आई त्याच्यापुढे दूर्वांची जुडी अशी ठेवायची की तो मला दिसू नये. आईची माया होती ती. पण धसक्याला खतपाणी मिळतं ते नेमकं इथेच. टाळलं की लगेच जिवाला बरं वाटतं, आणि मन समजतं की टाळलं म्हणूनच वाचलो. टाळलं नसतं तर काय झालं असतं, हे कधी कळतच नाही.

याच्या उलट औषध करणारेही घरोघरी असतात. आमच्या एका चुलतभावाने मेलेला उंदीर शेपटीला धरून माझ्या ताटाशी आणला होता. "भीती मोडायची तर अशीच मोडते." पुढे कित्येक महिने मी सुपात धान्य घेऊन निवडू शकले नाही. कुणाच्याही घरी असा प्रकार होत असेल तर हात जोडून सांगते, करू नका. मनाची तयारी नसताना जबरदस्तीने समोर आणलेली वस्तू धसका पक्का करते.

आता उंदराला भिण्यात सगळंच खोटं आहे का? नाही. आपल्या मराठवाड्याने तरी तसं म्हणू नये. 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून दमून झोपलेल्या गावांवर पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप आला. ज्यांची घरं उभी राहिली तेही आत झोपेनात. माणसं पत्र्याच्या शेडमध्ये आणि धान्य ओस घरांत. पुढच्याच वर्षी, 1994 मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगची बातमी आली आणि पाठोपाठ सुरत हादरलं. ओस घरांतलं धान्य आणि वाढलेले उंदीर यांचा या साथीशी संबंध तज्ज्ञांनी तेव्हा जोडला होता. प्लेगची आठवण महाराष्ट्रात फार जुनी. सावित्रीबाई 10 मार्च 1897 रोजी गेल्या त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच. त्या 94 च्या दिवसांत भाऊ वर्तमानपत्रातला उंदराचा फोटो कापून टाकायचा, मग मी पेपर हातात घ्यायची.

म्हणून सावधगिरी हवीच. कोठीला घट्ट झाकण हवं, बिळात काचा आणि सिमेंट घालायला हवं, लेप्टोस्पायरोसिसचं भान हवं. पण सावध माणूस बीळ बुजवतो. धसका घेतलेली मी बीळ बुजवायलाही जवळ जाऊ शकत नव्हते.

उपचाराला गेले ती मुलीमुळे. ती सहा वर्षांची होती. मोरीत पाल दिसली म्हणून मी ओरडले, तर ती 'उंदीर!' म्हणत पलंगावर चढली आणि थरथर कापायला लागली. तिने तोवर जिवंत उंदीर पाहिलेला नव्हता. तो धसका तिने माझ्या तोंडावरून घेतला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

वर्गात मी वर्षानुवर्षं वॉटसन आणि रेनर यांचा 1920 चा प्रयोग शिकवत होते. अकरा महिन्यांच्या अल्बर्टने पांढऱ्या उंदराला हात लावला की त्याच्या पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचा. काही दिवसांत मूल नुसत्या उंदराला बघून रडायला लागलं. ती भीती काढण्याआधीच अल्बर्टला दवाखान्यातून घेऊन गेले. हे मला फार लागतं. पण चारच वर्षांनी मेरी कव्हर जोन्स यांनी उलटी वाट दाखवली. पीटर नावाचा, अजून तीन वर्षांचाही न झालेला मुलगा सशाला, पांढऱ्या उंदराला, कापसालासुद्धा भ्यायचा. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांबून, रोज थोडा थोडा जवळ आणला. शेवटी त्याने सशाला आपली बोटं कुरतडू दिली. पुढे जोसेफ वोल्पे यांनी 1958 च्या पुस्तकात याची रीतसर पद्धत मांडली. स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्ट यांनी 1989 मध्ये, अशी एकाच गोष्टीची भीती तीन तासांपर्यंतच्या एकाच बैठकीत कशी हाताळायची, ते सांगितलं. मला अकरा आठवडे लागले.

पहिल्या दिवशी माझ्यावर उपचार करणारे सर म्हणाले, "मॅडम, उंदीर तुम्हाला आवडला पाहिजे असं काही नाही. तुमचं स्वयंपाकघर तुम्हाला परत मिळालं की झालं." मग आम्ही शिडी तयार केली. शून्य म्हणजे निवांत, शंभर म्हणजे जीव जाईल असं वाटणं. मातीच्या गणपतीचा उंदीर, वीस. पुस्तकातलं चित्र, तीस. पळणाऱ्या उंदराचा व्हिडिओ, पंचावन्न. पिंजऱ्यातला जिवंत उंदीर, पंच्याण्णव. सुरुवात दूर्वांची जुडी बाजूला करण्यापासून झाली.

प्रत्येक पायरीआधी वहीत दोन रकाने करायचे: 'काय होईल' आणि 'काय झालं'. आकडा खाली येईपर्यंत जागा सोडायची नाही. पाय वर घ्यायचे नाहीत, साडीचा पदर आवळून धरायचा नाही, कारण नाहीतर मन म्हणतं, पदर धरला म्हणून वाचले.

नवव्या आठवड्यात एका फार्मसी महाविद्यालयात परवानगी काढून गेलो. प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर, जाळीच्या पिंजऱ्यात. वहीत मी लिहिलं होतं, 'तो अंगावर झेप घेईल, मानेपर्यंत येईल, माझी शुद्ध हरपेल.' दारातच आकडा पंच्याण्णव. हातापायाला मुंग्या, तोंडाला कोरड. सर काही बोलले नाहीत, शेजारी उभे राहिले. उंदीर कोपऱ्यात बसून पुढच्या दोन्ही पायांनी तोंड धूत होता. कानामागे, नाकावर, पुन्हा कानामागे. त्याची बोटं गुलाबी होती आणि इतकी बारीक की नखं दिसेनात. विसाव्या मिनिटाला सत्तर. चाळिसाव्या मिनिटाला पस्तीस. दुसऱ्या रकान्यात लिहिलं, 'तोंड धूत होता.' लिहिता लिहिता रडू आलं.

भीती पुसली जात नाही, तिच्याशेजारी दुसरी शिकवण उभी राहते. म्हणून ती परत येऊ शकते. पीटरचंही तसंच झालं होतं. तो तापाने दोन महिने दवाखान्यात होता, निघताना मोठा कुत्रा अंगावर आला आणि सशाची भीती पुन्हा वर आली. जोन्सबाईंनी पुन्हा सुरुवात केली. माझ्यावर ती वेळ 2020 च्या टाळेबंदीत आली. एका रात्री ओट्यावर उंदीर दिसला आणि मी पुन्हा तांब्या उशाशी घ्यायला लागले. आठ दिवसांनी वही काढली.

ज्यांना याची गरज आहे त्यांनी जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात जावं. टेलीमानसचा 14416 हा मोफत क्रमांक 2022 पासून सुरू आहे, मराठीत बोलता येतं. 'एवढ्याशा कारणासाठी काय फोन करायचा,' असं मनात आणू नका. मी बत्तीस वर्षं तेच मनात आणत होते.

गेल्या दिवाळीत गावी गेले. बळदात आता ज्वारी नसते, जुनी पोती आहेत. शिडी लावून वर चढले आणि तोंडातून वाकून टॉर्च मारला. आत खसफस झाली. मुलगी खाली शिडी धरून उभी होती. तिने विचारलं, "आई, किती?"

"साठ."

थांबले. उजेडात दोन डोळे चमकले आणि पोत्यामागे गेले.

"आता?"

"पंचेचाळीस."