परगावचा संसार आणि गाठीची शिल्लक

(भिलाई येथे मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी ज्ञानेश्वरीवर आणि नाट्यसंगीतावर विद्वानांची भाषणे झाली. त्यांच्यानंतर मीठमिरचीच्या हिशेबावर बोलण्यास उभे राहताना संकोच वाटतो. परंतु आपल्याकडे पानात पहिल्यांदा मीठच वाढतात, एवढ्या आधारावर मी हे धाडस करीत आहे. माझा अधिकार म्हणाल तर इतकाच की, १९८४ साली मी या गावात एका बँकेत कारकून म्हणून लागले आणि २०१८ साली निवृत्त झाले. चौतीस वर्षे काउंटरच्या जाळीतून मी लोकांचे संसार पाहिले. पगार सारखा, मुले सारखी, क्वार्टरही एकाच छापाचे. तरीही एकाच्या पासबुकात दर महिन्याला चार आकडे चढत आणि दुसऱ्याचे पासबुक वीस तारखेलाच कोरडे पडे. हा फरक नशिबाचा नव्हे, हे मी खात्रीने सांगू शकते.

परगावच्या संसाराचे काही खर्च गावच्या माणसाच्या ध्यानातही येत नाहीत. पुण्याला राहणाऱ्या सुनेची सासू बाळंतपणाला दोन स्टेशने ओलांडून येते. आपल्याकडे ती एक रात्र आणि वर अर्धा दिवस प्रवास करून येते. वर्षातून एकदा देशी जायचे म्हणजे चार माणसांचे जाण्यायेण्याचे भाडे, शिवाय तेथे पोहोचल्यावर प्रत्येक भाचरासाठी काहीतरी हवेच, कारण 'भिलाईचे काका' म्हणजे कारखान्यातले मोठे पगारदार, अशी तिकडे समजूत! आणि सर्वांत मोठा खर्च अकस्मात येणारा. पूर्वी तार येत असे. तारसेवा २०१३ साली बंद झाली, पण रात्री अकराला वाजणारा फोन तिच्याच वंशातला आहे. तो वाजला की त्याच रात्री निघावे लागते आणि त्या वेळी तिकिटाचा दर पाहण्याची सोय नसते. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, परगावच्या कुटुंबाने प्रवासाची शिल्लक घरखर्चापासून आणि बचतीपासूनही वेगळी ठेवावी. सर्व माणसांच्या एका तातडीच्या फेरीचे पैसे ज्या घरात कायम तयार असतात, त्या घराला निरोप आल्यावर उसनवारीसाठी शेजाऱ्याचे दार ठोठवावे लागत नाही.

आता काटकसरीकडे वळू. काटकसर स्वयंपाकघरात सुरू होते असे म्हणतात आणि ते बहुतांशी खरेच आहे. मात्र ती उपाशी राहण्यात नसून मापात असते. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले. त्यातील मापे वाटी-चमच्यांची आहेत, आणि परगावी एकट्या पडलेल्या किती नव्या नवऱ्यामुलींना त्या पुस्तकाने सासूच्या जागी उभे राहून शिकवले याची गणती नाही. ज्या घरात भात वाटीने मोजून लावतात, त्या घरात शिळे कमी उरते, आणि उरलेच तर सकाळी फोडणीचा भात होतो. पोळी उरली तर कुस्करा, ताक आंबले तर कढी, तूप कढवल्यावर भांड्याच्या बुडाशी राहिलेली बेरी साखर घालून मुलांच्या हातावर. यात गरिबीचे लक्षण काही नाही. आपल्या आज्या पाटाखाली लक्ष्मी असतानाही हेच करीत. वर्षाच्या बेगमीचेही तसेच. चैत्र-वैशाखात डाळ स्वस्त असताना घ्यावी, कडक उन्हे द्यावी, एरंडेलाचा हात लावून डबे भरावे. मात्र घर दोन खोल्यांचे आणि माणसे तीन, तेथे पन्नास किलो डाळ भरणे ही बेगमी नसून किड्यांची सोय आहे.

येथे थोडे परखड बोलते, राग नसावा. आपल्या घरांत सर्वांत महाग पडणारी वस्तू कोणती? गावच्याच चवीचा हट्ट. आंबेमोहोर तिकडून मागवायचा, हापूसची पेटी मागवायची, हमालीसकट हिशेब केला तर त्यात भाजीचा महिना निघतो. छत्तीसगडला लोक धानाचा कटोरा म्हणतात. येथला दुबराज तांदूळ शिजला की शेजारच्या ब्लॉकपर्यंत वास जातो. लालभाजी म्हणजे आपल्या माठाची सख्खी बहीण. आणि चेचभाजी एकदा लसणीची फोडणी देऊन करून पाहा. जी कुटुंबे येथे येऊन येथल्या बाजाराला लवकर शरण गेली, त्यांचा किराणा आपोआप उतरला. गोडा मसाला, आमसुले आणि मेतकूट एवढे तिकडून यावे. ते वजनाला हलके आणि मनाला भारी असते. हापूसही यावा, पण पेटीने नव्हे. अक्षय्य तृतीयेला देवापुढे ठेवण्यापुरता आला तरी आंब्याचे दिवस साजरे होतात.

परंतु स्वयंपाकघराच्या काटकसरीला मर्यादा आहे. कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये वाचवणाऱ्या बाईचे यजमान न विचारता हप्त्याने मोटार घेऊन आले, तर ती जुडी काय करील? खर्च मोठ्या दारातून जातो आणि आपण लहान खिडक्या लावीत बसतो. लग्न, मुंज, वाहन आणि चारचौघांत दिसण्यासाठी केलेला खर्च ही ती मोठी दारे. त्यांच्याविषयी नवराबायकोने समोरासमोर बसून, वही उघडून बोलावे. ही वही दोघांची असावी. नुसत्या बायकोने लिहिलेली वही म्हणजे पुष्कळदा तिच्यावरचे आरोपपत्र ठरते, हेही मी पाहिले आहे.

बचत कधी करावी? महिन्याच्या शेवटी उरेल ती, असे म्हणणाऱ्याचे काही उरत नाही. नैवेद्याचे पान पंगतीआधी वाढतात. पंगत उठल्यावर पातेले खरवडून कोणी नैवेद्य दाखवीत नाही. पगार झाला की ठरलेली रक्कम त्याच दिवशी बाजूला काढावी. हातात न आलेल्या पैशाची सवय लागत नाही. १९७४ साली सरकारने वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीच्या ठेवीत अडकवला, तेव्हा नोकरदार फार चिडले होते. पण निम्म्या वाढीवर संसार चालला, हेही तितकेच खरे. पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव याच कामाची आहे. १९७२ साली महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना निघाली, तेव्हापासून या ठेवीचे पैसे घरोघर जाऊन गोळा करणाऱ्या एजंट बाई आपल्या ओळखीच्या झाल्या. त्या दारात आल्या की पैसे द्यावेच लागतात. शेजारणीने दिले आणि आपण नाही म्हणायचे कसे? लाजेचा असा सदुपयोग दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतो. भिशीचेही बळ हेच. बारा जणी, दरमहा हजार, आणि पाळीने बारा हजार: व्याज कोणालाच नाही, पण फ्रीज किंवा शिवणयंत्र कर्जाशिवाय येते. भिशी ओळखीतली, लहान आणि वर्षात संपणारी असावी. ती वाढून पाच-पाच वर्षांच्या चिठ्ठ्या फुटू लागल्या की तो व्यवहार १९८२ च्या चिट फंड कायद्याच्या कक्षेत येतो. तेथे नोंदणी आहे की नाही, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

थोडी आकडेमोड सांगते. महिन्याला पाचशे रुपये, म्हणजे वर्षाला सहा हजार, कोणी सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या पाच दिवसांत भरले, तर पंधरा वर्षांत त्याचे स्वतःचे नव्वद हजार होतात. एप्रिल २०२० मध्ये या निधीचा दर ७.१ टक्क्यांवर आला. तो तसाच राहिला असे धरले तर हाती सुमारे एक लाख बासष्ट हजार येतात. १९८६ पासून २००० च्या आरंभापर्यंत हाच दर १२ टक्के होता. त्या दराने तेवढ्याच पैशांचे अडीच लाख झाले असते. जुनी माणसे उसासा टाकतात ती यासाठी. पण १९९१ च्या सुमारास महागाईही दोन आकडी होती, हे ती सोयीस्करपणे विसरतात. ७२ ला व्याजाच्या दराने भागले की पैसे किती वर्षांत दुप्पट होतील ते ढोबळमानाने कळते. हीच रीत भावांनाही लागू आहे. महागाई सहा टक्के असेल, तर बारा वर्षांनी त्याच पिशवीला दुप्पट पैसे लागतील. म्हणून पेटीत ठेवलेला पैसा जागच्या जागी झिजतो.

पेटीतल्या पैशावरून नोव्हेंबर २०१६ आठवतो. ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि १० तारखेला बँका उघडल्या, तेव्हा आमच्या शाखेबाहेर बायकांची रांग होती. डाळीच्या डब्यातले, देवघरातले, जुन्या पैठणीच्या घडीतले पैसे त्यांनी आणले होते. कित्येकींचे यजमान शेजारी उभे राहून चकित मुद्रेने ती रक्कम पाहत होते. त्या दिवसांत या बायकांची पुष्कळ थट्टा झाली. मला ती आवडली नाही. त्या नोटांच्या वळकट्यांमध्ये कोणाची शस्त्रक्रिया होती, कोणाच्या मुलीची फी होती. आणि घरात स्वतःच्या मनाने खर्च करता येईल असा तेवढाच पैसा त्यांच्याजवळ होता. तो लपवावा लागला, यात खेद वाटण्यासारखे काही असेल तर ते घराविषयी. माझे म्हणणे एवढेच की, हा पैसा डब्यात न ठेवता प्रत्येक गृहिणीने स्वतःच्या एकटीच्या नावाने खाते उघडून ठेवावा. संयुक्त खाते असावेच. पण त्याशिवाय हे.

बचत केली, ती ठेवावी कोठे, हा प्रश्न बचत करण्याहून अवघड आहे. परगावी माणूस भाषेवर विश्वास टाकतो. बाजारात कोणी 'काय, कुठले तुम्ही?' असे मराठीत विचारले की आपण अर्धे विरघळतो आणि त्याने बॅगेतून एखाद्या योजनेचा कागद काढला तर उरलेले अर्धे. बँक सात टक्के देत असताना कोणी चोवीस टक्के देतो म्हणाला, तर हा मनुष्य त्याहून अधिक कोठून मिळवणार, एवढे तरी विचारावे. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ साली झाला. पण पैसे गेल्यावर कायद्याने येतात ते उशिरा, आणि पूर्ण येतील असेही नाही. गावाकडच्या पतसंस्थेत वडिलांच्या वेळेपासून ठेव असते, अध्यक्षही घरोब्याचे असतात. तरी ध्यानात ठेवावे की बँकेतील ठेवीला, सहकारी बँकेतीलसुद्धा, एका ठेवीदाराला एका बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे (ते फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून वाढवले गेले), तर पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही. संबंध राखण्यापुरते तेथे ठेवावे, म्हातारपण तेथे ठेवू नये.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला, तिच्याकडे येते. आपण क्वार्टरमध्ये राहतो. भाडे नाममात्र, पाणी-वीज सवलतीची, दवाखाना कारखान्याचा. पस्तीस वर्षे या सावलीत राहिल्यावर मनुष्य विसरतो की हे झाड आपले नाही. निवृत्तीचा निरोप-समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते आणि पुढे घर रिकामे करण्याची नोटीस येते. त्या दिवशी कुटुंबाला पहिल्यांदा प्रश्न पडतो: जायचे कोठे? प्रॉव्हिडंट फंड मुलीच्या लग्नाला अर्धा उचललेला, ग्रॅच्युइटीच्या रकमेत पुण्याला दोन खोल्याही येत नाहीत, गावच्या वाड्यात भावाची मुले राहतात आणि ती नमस्कार करून चहा देतात, पण खोली कोणती ते सांगत नाहीत. अशी घरे मी आपल्याच मंडळात पाहिली आहेत. नावे घेण्याचे कारण नाही.

'शेवटी आपण परतणारच' हे वाक्य आपल्या घरांत पन्नास वर्षे बोलले गेले, आणि त्याच्या आधाराने येथे भूखंड घेणे टळले. तिकडचा भूखंडही 'पुढच्या वर्षी' म्हणून टळला. ज्यांनी पंचेचाळिशीच्या आत ठरवले, मग ते दुर्ग-भिलाईतच राहण्याचे असो, नागपूरला जाण्याचे असो की मूळ गावी, त्यांना रक्कम कळली, मुदत कळली आणि महिन्याचा हप्ता पाडता आला. न ठरवलेल्या घरासाठी मात्र बचत होत नाही, केवळ चिंता होते. परतण्यात पुरुषार्थ आहे आणि राहण्यात कमीपणा, असे मला वाटत नाही. आपली मुले छत्तीसगढी बोलीत भांडतात आणि हिंदीत स्वप्ने पाहतात. घर कोठे घ्यावे, यात त्यांनाही विचारावे.

शेवटचा मुद्दा लहान आहे, पण त्यापायी मी काउंटरवर रडणारी माणसे पाहिली. यजमान गेले आणि खाती किती, कोठे, कोणाच्या नावे, हे पत्नीला ठाऊक नाही. दहा वर्षे कोणी न विचारलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. त्या मागता येतात, आणि शोध घेण्यासाठी 'उद्गम' नावाची सोयही २०२३ मध्ये झाली. पण कोणत्या गावच्या कोणत्या बँकेत विचारायचे हेच माहीत नसेल, तर वारसाच्या हाती काय लागणार? खाते क्रमांक, पोस्टाची प्रमाणपत्रे, विम्याच्या पॉलिसी, उसने दिलेले आणि घेतलेले, हे सर्व एका कागदावर, मराठीत आणि हिंदीत, लिहून दोघांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावे. नॉमिनेशन पाहावे, कित्येकांचे लग्नाआधी आईच्या नावाने केलेले तसेच असते आणि आई जाऊन वीस वर्षे झालेली असतात.

येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी मंडळाच्या वाचनालयात बसणार आहे. ज्यांना आपली नॉमिनेशने तपासून घ्यायची असतील किंवा फॉर्म भरायचे असतील, त्यांनी पासबुके आणि विम्याचे कागद घेऊन यावे. शक्यतो दोघांनी मिळून यावे.