शिणलेल्या मनाचा हक्क



मी विद्यापीठात शिकलेला नाही. तेव्हा विद्यार्थ्यांच्या मनावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच, की कामगारांत वावरल्यामुळे मला शीण ओळखता येतो.

दौंडचा मुलगा पहाटेची गाडी धरून पुण्याला सुमारे ७५ किलोमीटर जातो आणि तेवढाच परत येतो. शिरूरला तर रेल्वेच नाही. तिथली मुलगी नगर रस्त्याने एसटीत उभी असते. रात्री पुस्तक उघडले तर अक्षरे दिसतात, अर्थ लागत नाही. घरचे म्हणतात, हा आळस! आळशाला अभ्यासाची फिकीर नसते. हिला तर तिनेच झोप येत नाही. अमेरिकेत हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली सेवाभावी दवाखान्यांतील स्वयंसेवकांची अशीच अवस्था वर्णिली आणि तिला 'जळून जाणे' या अर्थाचे नाव दिले.

शिणलेले मन रवंथ करू लागते. गाईच्या रवंथाने चारा पचतो. मनाच्या रवंथाने काहीच पचत नाही. 'पेपर अवघड गेला' ही घटना झाली. 'मी कुचकामी आहे' हा केवळ विचार झाला. वहीत दोन रकाने पाडून दोन्ही वेगवेगळे लिहा. दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष द्या. मन भरकटले की न रागावता परत आणा. बुद्धाने शिकवलेली 'सति' ती हीच. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ पासून ती अमेरिकेतील रुग्णालयात रुग्णांना शिकवली.

परंतु मित्रहो, तेल घातले म्हणून यंत्र चोवीस तास चालवायचे नसते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना सोसण्याची युक्ती शिकवली नाही. त्यांच्या चळवळीमुळे १८९० साली रविवारची सुटी मिळाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तास कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. विद्यार्थ्याला असे कोणते संरक्षण आहे?

म्हणून महाविद्यालयांकडे तीन गोष्टी मागा: गाडी-एसटीच्या वेळा पाहून आखलेले तास, आठवड्यातला एक पूर्ण मोकळा दिवस, आणि मन मोकळे करता येईल असा जाणता समुपदेशक. तोवर कोणाला फारच असह्य झाले, तर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे बोलण्यात कमीपणा नाही. आणि पालकहो, आज मुलगी घरी आली की गुणांआधी तिला विचारा, 'जेवलीस का? झोप होते का?'