धारेवरची सकाळ

लोणारमध्ये कुणाकडेही पाहुणा आला, की चहा झाल्याबरोबर त्याला तळ्याच्या काठावर न्यायचं, हा रिवाजच आहे. मी शाळेत भूगोल शिकवायचो. त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पाहुणेसुद्धा माझ्याच वाट्याला येत. कड्यावर उभा राहून मी आकडे सांगायचो. उल्का आदळून बेसाल्टच्या कातळात पडलेलं हे विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास, पाणी खारं. वय मी ५२ हजार वर्षं सांगत असे. पुढे नव्या मोजमापात ते ५ लाख ७० हजारांच्या घरात निघालं, तेव्हा तेही पाठ केलं. मग दैत्यसूदनाचं देऊळ दाखवून घरी यावं, तो पानं वाढलेली असायची.

ती पानं वाढणारी मात्र कधी आमच्याबरोबर आली नाही. हे ध्यानात यायला माझे गुडघे दुखावे लागले.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्या. धारेपासून खाली तळ्यापर्यंत उतरणं संपलं. मी घरात चिडचिड करू लागलो. एके दिवशी सौ. म्हणाली, "अहो, खाली जाता येत नाही, तर वर बसा. मीही येते. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, पण निवांत बसून तळं काही पाहिलं नाही."

आमच्या घरापासून तळं पंधरा मिनिटांवर आहे. काय उत्तर देणार?

तेव्हापासून आम्ही दोघं पहाटे थर्मास घेऊन निघतो. गोमुखातून पडणाऱ्या धारेचा आवाज येईल, अशा बेताने बसतो. मोर इथे पायाखालून ओरडतो, कारण झाडी विवराच्या उतारावर आणि आपण काठावर! हे मी चाळीस वर्षं ऐकत होतो, पण लक्षात आणून दिलं तिने. सूर्य आमच्या पाठीमागून उगवतो. ऊन आधी समोरच्या कड्याच्या माथ्याला लागतं, मग एकेक झाड करत खाली उतरतं आणि सगळ्यांत शेवटी पाण्याला पोचतं. पाणी आधी कुणाला चमकलेलं दिसतं, यावर आमची रोज पैज असते. बहुधा तीच जिंकते.

२०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा मला गावोगावहून फोन आले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग निघाला. मी प्रत्येकाला हे समजावून सांगत होतो. परवा त्याची आठवण निघाली, तेव्हा ती म्हणाली, "एरवी हिरवं असतं, तेव्हा कुणी विचारत नाही." मला वाटलं, हे वाक्य फक्त तळ्याबद्दल नसावं.

सध्या तुरीच्या शेंगांचे दिवस आहेत. परतताना बाजारातून पावशेर घेतो. मिठाच्या पाण्यात उकडायच्या आणि ओसरीवर बसून दातांनी सोलत खायच्या. टरफलांचा ढीग कुणाचा मोठा, यावरही वाद होतो. शेवटची शेंग कधी ती माझ्याकडे सरकवते, कधी मी तिच्याकडे.

गेल्या आठवड्यात पुतण्या आणि सूनबाई आले. तळं दाखवायला या वेळी ती गेली. पोहे मी केले. तीन तासांनी सगळे हसत-बोलत परतले. उतरत्या उन्हाचं आणि पायाखालच्या मोराचं त्यांनीच मला सांगितलं. आकडा मात्र एकाच्याही तोंडी नव्हता!

पोह्यांत मीठ अंमळ जास्त पडलं होतं. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "अहो, पोहे काय तळ्याच्या पाण्यात भिजवलेत?"