तांबी आणि वेदना

संततिनियमनाच्या साधनांत तांबीचें स्थान मोठें आहे. तांब्याची तार गुंडाळलेलें हें लहानसें साधन एकदां गर्भाशयांत बसविलें म्हणजे, '३८० ए' या प्रकारांत, दहा वर्षें काम देतें. आणि पाहिजे तेव्हां काढतांही येतें. बसविण्यास अवघीं कांहीं मिनिटें पुरतात. परंतु त्या मिनिटांविषयीं स्त्रीला बहुधा एवढेंच सांगितलें जातें कीं, 'थोडेंसें दुखेल.'

वस्तुतः वेदनेचे प्रसंग तीन. गर्भाशयाचें मुख चिमट्यानें धरतांना पहिला, आंतील खोली सळईनें मोजतांना दुसरा, आणि साधन आंत सोडतांना तिसरा. मुखाच्या व माथ्याच्या संवेदना निरनिराळ्या मज्जातंतूंनीं वाहतात. म्हणून एकाच उपायानें सारी कळ शमत नाहीं. नैसर्गिक मार्गानें प्रसूति न झालेल्या स्त्रीस त्रास अधिक होण्याचा संभव असतो. कोणास नुसती कळ येते, तर कोणास घेरी येते.

उपाय आहेत. लिडोकेन हें बधिर करणारें औषध गर्भाशयमुखाभोंवतीं टोंचतां येतें किंवा वरून लावतां येतें. आयबुप्रोफेनची गोळी आधीं घेतल्यानें बसवितांनाची कळ फारशी कमी होत नाहीं. नंतरच्या पोटदुखीस मात्र अशा गोळ्या उपयोगी पडतात. मिसोप्रोस्टॉल सरसकट देऊं नये, असें अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें २०२४ सालीं सांगितलें. आणि वेदनेविषयीं प्रत्येक स्त्रीशीं आधीं बोलून तिच्या इच्छेप्रमाणें योजना ठरवावी, असेंही बजावलें.

हें बोलणें टाळल्याचें फळ आपल्या देशानें पूर्वीं भोगलें आहे. १९६५ सालीं 'लूप' सरकारी कार्यक्रमांत आली व लाखों स्त्रियांनीं ती बसवून घेतली. परंतु रक्तस्राव व पोटदुखी यांची पूर्वकल्पना आणि नंतरची विचारपूस पुरेशी नव्हती. जेथें खरी माहिती मिळाली नाहीं तेथें अफवांस वाव मिळाला, आणि चांगल्या साधनावरचा विश्वास उडाला.

सोसणें हा स्त्रीचा स्वभावच, असें मानून गप्प बसण्याचा काळ गेला. दुखेल किती, उपाय कोणता, आणि मध्येंच 'थांबा' म्हटल्यास थांबतील काय, हे तीन प्रश्न स्त्रीनें आधींच निःसंकोच विचारावे. प्रामाणिक उत्तरानें कळ नाहींशी होणार नाहीं. परंतु फसवणूक झाल्याचें दुःख तरी तिच्या वांट्यास येणार नाहीं.